गौतमीचा पुत्र आणि डोनाल्डचा पुत्र

आपल्या अंबरनाथच्या पूर्वेला वालधुनीच्या काठी जे प्राचीन शिवमंदिर आहे, त्यात शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा एक शिलालेख आहे. तो शिलाहार राजा मांवाणि याच्या कारकिर्दीतला. याच राजाला इतिहासकार मुम्मुणि असेही म्हणतात. त्याच्या आधी छित्तराज आणि नागार्जुन हे त्याचे दोन भाऊ गादीवर होऊन गेले, आणि त्यांच्याही आधीच्या पिढ्यांत झंझ, गोग्गी, वज्जड अशी नावे आढळतात. आज आपल्या पश्चिमेकडील कोणत्याही घरच्या बारशाला जावे. पाळण्यातल्या बाळाच्या कानात आत्याबाईंनी 'गोग्गी' म्हणून कुर्र केल्याचे काही ऐकू यावयाचे नाही! देऊळ नऊशे साठ वर्षांहून अधिक काळ उभे आहे. ते ज्यांनी उभारले त्यांची नावे मात्र लोकांच्या तोंडून केव्हाच गेली.

याच्या उलट प्रकार नाणेघाटात पाहावयास मिळतो. कल्याण बंदरातून मुरबाडवरून जुन्नरकडे जाणारी जुनी व्यापारी वाट या घाटाने चढते. तेथील लेण्यात सातवाहन राजघराण्यातील माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या माथ्यावर नाव कोरलेले होते. मूर्ती भंगून गेल्या, पण नावांची अक्षरे राहिली. त्यांत राणी नागनिकेचे नाव आहे. तिने आणि तिच्या पतीने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची मोठी यादी त्याच लेण्याच्या भिंतीवर आहे. इसवी सनापूर्वीच्या काळातली एक मराठी मुलखातली राणी आपल्याला आज स्वतःच्या नावाने ठाऊक आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

नाव कशाला असते, असे कोणी विचारले तर आपण म्हणू, हाक मारावयाला. ते खरेच. पण खेड्यात परक्या आळीत एखादी पोर दिसली की म्हातारी माणसे तिला "तुझे नाव काय?" असे आधी विचारीत नाहीत. "कोणाची गं तू?" असे विचारतात. नावाच्या मागे जो बापाचा, गावाचा, घराण्याचा पसारा लागतो, तो या प्रश्नाचे उत्तर म्हणून लागतो. आणि हा प्रश्न जगात सगळीकडे सारखाच विचारला गेला आहे.

आपल्या अंबरनाथात तर याचे प्रदर्शनच भरलेले आहे म्हणावयास हरकत नाही. विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आणि ऑर्डनन्स फॅक्टरी यांच्यामुळे येथे चहू प्रांतांची माणसे आली. शेजारी उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी बांधव आले. त्या छावणीला 1949 साली उल्हास नदीवरून नाव मिळाले. अडवाणी, कृपलानी, लालवाणी या आडनावांतला 'आणी' हा शेवट आपण रोज ऐकतो. त्याचा अर्थ 'अमक्याचे वंशज' असा. घराण्याचा जो मूळ पुरुष, त्याच्या नावाला 'आणी' जोडले की आडनाव तयार. केरळातून आलेल्या नायर कुटुंबांची रीत याहून निराळी. त्यांच्या तरवाडाचे, म्हणजे मूळ घराण्याचे नाव परंपरेने आईकडून चालत येई. ज्या चाळीत एका खोलीत 'आणी' आणि शेजारच्या खोलीत तरवाड नांदले, त्या चाळीतल्या बायकांना नावांचा इतिहास पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

आता जरा दूर, स्कॉटलंडात जाऊ. दूर म्हटले खरे, पण मराठ्यांच्या इतिहासात स्कॉटिश नावे जागोजाग भेटतात. तेथील डोंगराळ भागात गेलिक भाषा चालत असे. तीत 'मॅक' म्हणजे मुलगा. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा पुत्र. डोनाल्ड या नावाचा अर्थ जगाचा शास्ता, म्हणजे आपल्याकडचा जगत्पाल म्हणा ना. इंग्लंडात हेच काम 'सन' हा शेवट करतो. मुंबईच्या विल्सन कॉलेजास ज्यांचे नाव आहे ते जॉन विल्सन स्कॉटिश मिशनरी. त्यांचे आडनाव म्हणजे 'विल्‌चा मुलगा'. आपल्या जुन्या दफ्तरांतून 'रामजी बिन मालजी' असे लिहिलेले सापडते, तो 'बिन' अरबीतून आलेला, अर्थ तोच. आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम (1827 ते 1830), ज्यांच्या नावाने महाबळेश्वरास माल्कम पेठ वसली, त्यांच्या आडनावाचा अर्थ 'कोलंबा संताचा सेवक'. आपण रामदास म्हणतो, शिवदास म्हणतो, तसेच हे कोलंबादास! साहेबाचे नाव ऐकून दबून जाणाऱ्या आपल्या पणजोबांना हा अर्थ कोणी सांगितला असता तर त्यांची भीड थोडी चेपली असती.

धंद्यावरून आणि हुद्द्यावरून पडलेली नावे दोन्हीकडे सारखीच. पॉटर म्हणजे कुंभार, स्मिथ म्हणजे लोहार. फडणीस, चिटणीस, सबनीस यांतला 'नीस' फारसी 'नवीस', लिहिणारा. कुलकर्णी गावाचा हिशेब राखणारा. स्कॉटलंडात राजवाड्याचा कारभार पाहणारा जो कारभारी, त्याच्या हुद्द्यावरून स्ट्युअर्ट हे आडनाव झाले, आणि 1371 साली त्या कारभाऱ्याचे घराणे गादीवर बसले. आपल्या पेशव्यांची आठवण येथे कोणास झाल्यावाचून राहणार नाही.

पण खरी मौज टोपणनावांची. आपल्यात काळे, गोरे, वाकडे, लांडगे, कोल्हे अशी आडनावे आहेत आणि ती ऐकून परप्रांतीय हसतात. त्यांना सांगावे की स्कॉटलंडातील मोठे प्रतिष्ठित कॅम्पबेल घराणे म्हणजे 'वाकड्या तोंडाचे', आणि कॅमेरॉन म्हणजे 'वाकड्या नाकाचे'. ज्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये (1882) आपल्या देवळाचे वर्णन आले आहे, त्या गॅझेटियरचे संपादक जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल. मॅकनॅब म्हणजे मठाधिपतीचा मुलगा. तेव्हा साहेबांचे मराठीत भाषांतर केले तर 'जेम्स महंतपुत्र वाकडतोंडे' असे काहीसे होईल.

मराठ्यांचा पहिला मोठा इंग्रजी इतिहास 1826 साली प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ हाही स्कॉटिश. तो साताऱ्यास रेसिडेंट होता. ग्रँट म्हणजे थोर किंवा मोठा, डफ म्हणजे काळा; एकूण 'थोरले काळे'. परंतु या नावाची खरी गंमत अर्थात नाही. जन्माने तो नुसता जेम्स ग्रँट. डफ हे त्याच्या आईच्या माहेरचे नाव. आईकडची ईडन येथील जमीनजुमला त्याच्याकडे आली तेव्हा त्याने ते आडनाव आपल्या आडनावास जोडले. शिवाजी महाराजांचा इतिहास लिहिणाऱ्या या माणसाला जग ज्या नावाने ओळखते, ते अर्धे नाव त्याच्या आईचे आहे. अर्थात इस्टेट आली म्हणून नाव आले, हे विसरावयाचे नाही.

येथून मी ज्या मुद्द्याकडे येणार होते त्याकडे येते. आतापर्यंत जी नावे सांगितली ती बहुतेक पुरुषांची. मॅक म्हणजे मुलगा, सन म्हणजे मुलगा, बिन म्हणजे मुलगा. मग मुलीचे काय? गेलिकमध्ये मुलीसाठी 'निक' असा वेगळा शब्द आहे खरा, पण आडनाव म्हणून जगभर गेला तो मॅकच. तरीही एका बाबतीत स्कॉटलंड इंग्लंडाच्या पुढे होते. इंग्लंडात लग्न झाले की कायद्याच्या दृष्टीने बायको नवऱ्यात विरघळून जाई आणि तिचे आडनावही जाई. स्कॉटलंडात मात्र लग्न झालेली बाई पुष्कळ काळपर्यंत आपल्या बापाचेच आडनाव चालवीत असे. तेथील जुन्या थडग्यांवर नवरा एका आडनावाचा आणि शेजारी त्याची पत्नी दुसऱ्या आडनावाची, असे कोरलेले आढळते. पुढे इंग्रजी चाल तेथेही पसरली. जॉन विल्सन 1829 साली मुंबईस आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी मार्गारेट होती. हिने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि 1835 साली ती येथेच वारली. तिच्या माहेरचे आडनाव बेन. आज तिचे नाव घेतले जाते ते मार्गारेट विल्सन म्हणूनच. मार्गारेटचा अर्थ मोती. आपल्याकडे ती मुक्ताबाई झाली असती.

आणि आपल्याकडे? दोन हजार वर्षांपूर्वीची आपली रीत ऐकून आजच्या मुलींना नवल वाटेल. सातवाहन राजे आपल्या नावापुढे बापाचे नाव लावीत नसत, आईचे लावीत. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो लेख आहे तो नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातला. त्यात ती स्वतःला एका महाराजाची आई आणि दुसऱ्या महाराजाची आजी म्हणवते आणि मुलाचा पराक्रम वर्णन करते. यातली आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. गौतमी, वासिष्ठी ही नावे गोत्रांवरून आलेली, आणि ती गोत्रे या राण्यांच्या माहेरची. म्हणजे राजाच्या घरात लग्न होऊन आल्यावरही त्यांनी माहेरचे गोत्र सोडले नाही आणि मुलाने ते मिरवले. यावरून त्या काळी बायकांचे राज्य होते असा समज कोणी करून घेऊ नये. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. पण "कोणाचा रे तू?" या प्रश्नाला राजा "गौतमीचा" असे उत्तर देत होता, एवढे तर खरे.

पुढे ते उत्तर कसे आणि केव्हा बदलत गेले हा मोठा विषय आहे. यादवकाळातील महानुभाव ग्रंथांत बाईसा, नागाइसा, महदंबा अशी नावे भेटतात. 'आई' आणि 'अंबा' जोडून बाईला मान देण्याची ही तऱ्हा आपल्याला जिजाऊ, मुक्ताई या नावांत अजून दिसते. पण कागदोपत्री बाई आली की तिच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' हा शब्द येऊ लागला. पुरुष अमक्याचा 'बिन', बाई तमक्याची 'कोम'. जमिनीच्या जुन्या उताऱ्यांत हे शब्द आजही वाचावयास मिळतात. नावाच्या शेपटावरून माणसाची पायरीही कळे. कोणी राव, कोणी पंत. आणि महार समाजातील पुरुषांच्या नावाला 'नाक'. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्यांची जी नावे आहेत, त्यांत असा शेवट असलेली पुष्कळ आहेत. 1956 च्या धर्मांतरानंतर त्या समाजाने सिद्धार्थ, सुजाता, यशोधरा, संघमित्रा ही नावे मुलांना ठेवली, ती का ठेवली हे त्या शेपटाचा इतिहास ठाऊक असल्यावर निराळे सांगावे लागत नाही. नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत मराठीने एका मात्रेचे अंतर ठेवले आहे. पुष्कळांच्या वाट्याला दोन्ही एकदमच आले.

लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची चाल आपल्यातल्या पुष्कळ घरांत होती. ताम्हणात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहावयाचे, लक्ष्मीपूजन करावयाचे, आणि पेढे वाटून ते सर्वांना सांगावयाचे. सिंधी भगिनींतही नवरीचे नाव बदलण्याची रीत होती, असे उल्हासनगरच्या जुन्या बायका सांगतात. इतिहासात पाहावे तर झाशीची राणी लक्ष्मीबाई माहेरची मणिकर्णिका तांबे. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकही माहेरच्या मनकर्णिका, त्या गोखल्यांच्या. दोघींचेही सासरी 'लक्ष्मी' झाले. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. आणि आपल्या शेजारच्या कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, 1874 साली नऊ वर्षांची असताना गोपाळराव जोश्यांची पत्नी झाली ती आनंदी झाली. तिचे आडनाव माहेरी जोशी आणि सासरीही जोशी. बदलले ते तेवढे एक, तिचे स्वतःचे! 1886 साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी वारली. लोकांच्या जिभेवर ती 'आनंदी गोपाळ' म्हणून राहिली. यमुनेचे नाव कल्याणात तरी किती जणींना ठाऊक आहे?

एक अपवाद आवर्जून सांगते. पंडिता रमाबाई डोंगरे यांनी 1880 साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केले, पण त्या आमरण पंडिता रमाबाईच राहिल्या.

कोणी म्हणेल, नाव बदलले म्हणून काय बिघडले? प्रेमाने दिलेले नाव असते. मीही ते नाकारीत नाही. पुष्कळ जणींना सासरचे नाव माहेरच्या नावाहून गोड वाटते, आणि 'धोंडी', 'दगडी' अशा नावातून लग्नाने सुटका झालेल्या बायकाही मी पाहिल्या आहेत. परंतु ज्या समाजात 'नाव घेणे' याचा अर्थ नवऱ्याचे नाव घेणे असा होतो, उखाणे हजार सापडतात पण त्यांत घेणारीचे स्वतःचे नाव क्वचित असते, तेथे पन्नास वर्षे संसार केलेल्या बाईचे पाळण्यातले नाव उच्चारणारे कोणी उरत नाही. भाऊ गेला की तेही गेले. सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यावयाचे नाही म्हणून त्याचे नाव ठेवलेल्या आपल्याच मुलाला 'बाळ' आणि 'आबा' म्हणून हाका मारण्यात आपल्या आज्यांचे आयुष्य गेले.

आणि बिघडते ते कागदावर. आपल्या मंडळातील एका ज्येष्ठ भगिनीची हकीकत तिच्या संमतीने सांगते. तिचे माहेर मुरबाडकडचे, तेथले नाव चंद्रभागा. सासरी सुनंदा झाली. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून नोंद लागली ती चंद्रभागा या नावाने. भावांना ते एकच नाव माहीत. इकडे रेशनकार्ड, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, सगळे सुनंदाच्या नावाचे. 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली केंद्राने कायदा करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, पण तो हक्क घ्यावयास गेलेल्या बाईला कचेरीत विचारले गेले, "ही चंद्रभागा कोण?" शाळेचा दाखला नाही, लग्नाची नोंद नाही. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, गावच्या पोलीस पाटलाचा दाखला, राजपत्रातील जाहिरात, असे करता करता दीड वर्ष गेले. भाऊ चांगले होते म्हणून निभावले. ते तसे नसते तर चंद्रभागा नावाची कोणी बाईच नाही, असे म्हणणे त्यांना किती सोपे होते!

याहून कठीण नावे आहेत ती निराळीच. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचे नाव 'नकोशी' किंवा 'नकुसा' ठेवीत. ही जुनी गोष्ट नव्हे. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींचा शोध घेऊन समारंभपूर्वक त्यांना नवी नावे देण्यात आली. त्यांतल्या कित्येकींनी आपले नाव आपणच निवडले.

सरकार दरबारीही आता थोडे वारे फिरले आहे. 11 मार्च 2024 रोजी राज्य मंत्रिमंडळाने निर्णय केला की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव अशा क्रमाने लिहावयाचे. आईचे नाव वडिलांच्या आधी आले. गौतमीपुत्राची आठवण मला तेव्हा झाली. विवाहित स्त्रीसाठी मात्र स्वतःचे नाव, पतीचे नाव, आडनाव ही चालत आलेली पद्धत त्याच निर्णयात कायम ठेवली आहे. मिळकतीच्या दस्तऐवजात लग्नापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभा दिली आहे. चंद्रभागेला ती काही वर्षे आधी मिळाली असती तर बरे झाले असते. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा आपल्या देशात नाही, हेही पुष्कळ जणींना ठाऊक नसते.

या अंकाच्या शेवटी सभासदांची जी यादी आहे, ती आजवर 'सौ.' आणि 'श्रीमती' लावून आडनावाने छापली जाई. यंदा कार्यकारिणीने तीत 'माहेरचे पूर्ण नाव' असा एक रकाना घातला. अर्ज वाटले तेव्हा काही जणी हसल्या, दोघीतिघींनी तो रकाना कोरा ठेवला, आणि ऐंशी वर्षांच्या एका आजींनी घरी जाऊन, थोरल्या बहिणीला फोन करून, आपले पाळण्यातले नाव विचारून घेतले. ते यादीत पाचव्या ओळीत आहे.